रिव्हरसाइड, इलिनॉय : वाकड्या रस्त्यांचं गाव

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ९:१२

मागे शिकागोच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की उंच इमारती आणि तळं सोडून तुमच्याकडे जुनं असं काही बघण्यासारखं आहे का, तेव्हा मी "आमचं गाव आहे की, लिहीन कधीतरी" असं म्हणून गेले आणि ते राहूनच गेलं. आज बाहेर बर्फ वितळून सगळा चिखल झालाय, मुलं अजून झोपलीत, चहाचा दुसरा कप हातात आहे, तर बसलेच लिहायला. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सहा वर्षांपासून रिव्हरसाइडला राहतो. शिकागोच्या लूपपासून, म्हणजे शहराच्या मध्यभागापासून, पश्चिमेला साधारण नऊ-दहा मैल, डेस प्लेन्स नदीच्या वळणात वसलेलं, वस्ती नऊ हजारांच्या आसपास, क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मैल. युनियन स्टेशनवरून ऑरोराला जाणारी मेट्रा, म्हणजे इथली लोकल, घेतली की अर्ध्या तासाच्या आत तुम्ही इथे उतरता. उतरल्या उतरल्या समोर दगडी बुंध्याचा पाण्याचा टॉवर, आणि त्याच्यापुढे एकही रस्ता सरळ नाही.

अक्षरशः एकही नाही म्हटलं तरी चालेल. शिकागो शहर म्हणजे चौकटीची वही, कुठल्याही चौकात उभं राहा, उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम लगेच कळतं. आजूबाजूची बर्विन, सिसरो ही गावंपण तशीच आखलेली. आणि मध्येच हे एक गाव, जिथे रस्ता वळतो, मग पुन्हा वळतो, दोन रस्ते भेटतात तिथे चौक न होता हिरवा त्रिकोण होतो, त्या त्रिकोणात चार ओकची झाडं, आणि तुम्ही गोल फिरून जिथून निघालात तिथेच परत. आई पहिल्यांदा आली तेव्हा चौथ्या दिवशी एकटी फिरायला गेली आणि तासाभरानं शेजारच्या आजींचा हात धरून घरी आली. घाबरली अजिबात नव्हती. म्हणाली, चुकले पण पाय थांबवावेसे वाटेनात.

हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. १८६८ साली एमरी चाइल्ड्स नावाच्या माणसानं काही गुंतवणूकदार जमवून रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी काढली आणि नदीकाठची १६०० एकर जमीन घेतली. शिकागो-बर्लिंग्टन रेल्वेची लाइन चारच वर्षांपूर्वी तिथून गेलेली होती, म्हणजे शहरात कामाला जाऊन संध्याकाळी घरी येणं आता जमण्यासारखं होतं. आराखड्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कहून बोलावलं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडला. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यानं आणि ज्याच्या भागीदारानं, कॅल्व्हर्ट व्हॉक्सनं, आखलं तोच. ओल्मस्टेड येऊन जागा बघून गेला, सप्टेंबर १८६८ मध्ये त्यानं अहवाल दिला आणि १८६९ मध्ये नकाशा झाला. अमेरिकेत नियोजन करून वसवलेल्या उपनगरांमध्ये हे अगदी पहिल्या काहींपैकी धरतात, आणि गंमत म्हणजे तो नकाशा आज फोनवर गावाच्या नकाशाशेजारी ठेवला तर दोन्ही जवळजवळ जुळतात.

त्या अहवालात त्यानं लिहिलंय की शहरातले सरळ रस्ते माणसाला पुढे ढकलतात, घाई करायला लावतात, तर इथल्या रस्त्यांना हलकी वळणं हवीत, भरपूर मोकळी जागा हवी, टोकदार कोपरे नकोत, म्हणजे निवांतपणा आपोआप मनात उतरेल. पण तो नुसता कवी नव्हता. त्याचा पहिला मुद्दा होता पाण्याचा निचरा! इलिनॉयची ही जमीन सपाट, चिकण मातीची, पावसात आणि बर्फ वितळताना गुडघाभर चिखल. त्याचं म्हणणं की गावात राहण्याचा आनंद चिखलानं आणि धुळीनं संपतो, म्हणून आधी पक्के रस्ते, गटारं, पाणी, गॅस, आणि मग झाडं.

हे मला समजलं ते माझ्या बाबांमुळे. बाबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, अर्धी नोकरी पसरणी घाटातल्या मोऱ्या आणि साइडपट्ट्या सांभाळण्यात गेली. ते आले तेव्हा पहिल्याच सकाळी फिरून आले आणि म्हणाले, "इथला रस्ता खाली आणि अंगणं वर आहेत, बघितलंस का?" मी चार वर्षं राहून बघितलं नव्हतं. मग त्यांनी मला रस्त्याच्या कडेला उकिडवं बसवून दाखवलं. खरंच रस्ता आजूबाजूच्या हिरवळीपेक्षा थोडा खोल आहे. एक तर पाणी अंगणात न जाता रस्त्यानं वाहून जातं, आणि दुसरं म्हणजे अंगणात उभं राहून समोर बघितलं तर मधला रस्ता जवळपास दिसेनासा होतो, तुमची हिरवळ आणि समोरच्याची हिरवळ एकच वाटते. नंतर लायब्ररीत वाचलं तर ओल्मस्टेडनं ते तसंच योजलेलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची युक्ती वाईच्या ओव्हरसियरनं एका फेरीत ओळखली, याचा मला किती अभिमान वाटला सांगू.

आणि माझ्या मते गावाचं खरं मर्म इथेच आहे. इथे श्रीमंती आहे, नाही म्हणायचं कारण नाही, मोठमोठे व्हिक्टोरियन बंगले आहेत, बुरूज आणि गोल व्हरांडे असलेले. पण पुढच्या अंगणाला कुंपण नाही. घर रस्त्यापासून कमीत कमी तीस फूट आत, घर आणि रस्ता यांच्यामध्ये एकदोन झाडं राखलीच पाहिजेत, हा दंडक पहिल्यापासून. सोळाशे एकरांपैकी सुमारे सातशे एकर रस्ते, कडेची हिरवळ, बागा, चालायच्या वाटा यांच्यासाठी सोडलेले. नदीचा काठ तर सगळ्यांचाच. आमचं घर गावाच्या कडेला, लहानसं, दोन बेडरूमचं, पण दारातून बाहेर पडलं की जे दिसतं ते बंगलेवाल्याला दिसतं तेच.

याच मुद्द्यावर ओल्मस्टेडचं कंपनीशी वाजलंही होतं. लाँग कॉमन नावाचा मोठा सार्वजनिक हिरवा पट्टा आहे, चाइल्ड्ससाहेबांना त्याच्यातच स्वतःचं घर बांधायचं होतं. ओल्मस्टेड भडकला. जी जागा सर्वांची म्हणून दाखवून प्लॉट विकले त्यात मालकानंच घर घालायचं म्हणजे काय! आज लाँगकॉमन रोडवरून जाताना मला दर वेळी ते भांडण आठवतं.

ओल्मस्टेड आणि व्हॉक्स लवकरच बाहेर पडले. मग ऑक्टोबर १८७१ ची शिकागोची मोठी आग, गवंडी-सुतार-पैसा सगळं शहर पुन्हा उभं करण्याकडे वळलं, वर १८७३ ची मंदी, आणि कंपनी बुडाली. विचार करा, आखलेले रस्ते आहेत, गॅसचे दिवे आहेत, मोठं हॉटेल आहे, आणि घरं तुरळक. शिकागोपासून इथपर्यंत झाडांच्या सावलीतला एक लांब रुंद रस्ता आखला होता तो तर कधी पुराच झाला नाही. पण १८७५ मध्ये जे थोडे लोक होते त्यांनी मिळून व्हिलेज म्हणून रीतसर नोंदणी केली आणि मूळ नकाशा सोडला नाही. मला या गावाच्या इतिहासात सगळ्यात जास्त आवडतात ते हे लोक. त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत, पण मोकळ्या जागांचे तुकडे करून विकणं त्यांना सहज शक्य होतं आणि ते त्यांनी केलं नाही.

बाकी बघण्यासारखं थोडक्यात सांगते. पाण्याचा टॉवर १८७१ चा, विल्यम ल बॅरन जेनी या वास्तुकाराचा. हा गडी इथेच राहायचा आणि पुढे १८८५ मध्ये शिकागोत त्यानं होम इन्शुरन्स बिल्डिंग बांधली जिला पुष्कळ जण जगातली पहिली स्कायस्क्रेपर मानतात. टॉवरचा वरचा भाग १९१३ मध्ये जळाला, तो परत बांधला, खालचा दगड जुनाच. प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉइड राइटची टोमेक हाउस आणि कूनली हाउस ही दोन घरं. कूनली हाउस हे आपलं सर्वांत चांगलं घर असं राइट स्वतःच मानायचा. त्याच आवारात १९१२ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी एक प्लेहाउस बांधलं, त्याच्या खिडक्यांच्या रंगीत काचांमध्ये फुगे आणि झेंडे आहेत, मिरवणूक चालल्यासारखे. मूळ काचा आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसारख्या ठिकाणी गेल्यात. दोन्ही घरांत लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघायचं. आणि लुई सलिव्हन या दुसऱ्या मोठ्या वास्तुकारानं बांधलेलं बॅबसन हाउस १९६० मध्ये पाडलं, ते मात्र गेलंच. पुढे दहा वर्षांनी, १९७० मध्ये, गावाचा आराखडाच नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क, म्हणजे राष्ट्रीय वारसास्थळ, म्हणून जाहीर झाला.

संध्याकाळी गॅसचे दिवे. हो, अजून गॅसवरच. पिवळसर, मंद, डोळ्यांना न टोचणारा उजेड. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो तेव्हा ट्रेनमधून उतरून त्या उजेडात घरी चालत येणं हे माझं रोजचं सुख आहे.

नदीबद्दल वेगळं लिहायला हवं, ते नंतर. मुलं उठली.


सह्याद्री_७२ | रविवार, सकाळी १०:०५

क्या बात है ताई! बाबांचा किस्सा फार आवडला. आमचेही तीर्थरूप इरिगेशनमध्ये होते, कुठेही नेलं तरी आधी पाट आणि गटार बघणार मग देऊळ.

एक शंका, हे "व्हिलेज" म्हणजे आपल्यासारखी ग्रामपंचायत का? एवढे बंगले असताना खेडं कसं म्हणतात?


कृष्णाकाठची | रविवार, दुपारी १:३०

@सह्याद्री_७२, इलिनॉयमध्ये व्हिलेज हा कायद्यातला शब्द आहे, सिटीसारखाच एक प्रकार. निवडून दिलेला प्रेसिडेंट आणि सहा ट्रस्टी. शेजारचं ओक पार्क पन्नास हजारांच्या वर वस्तीचं आहे तरी व्हिलेजच. पण रिव्हरसाइडच्या बाबतीत त्या शब्दाला जुना अर्थही आहे, ओल्मस्टेडच्या अहवालाच्या नावातच "सबर्बन व्हिलेज" आहे. शहराच्या सोयी आणि खेड्याची शांतता हे दोन्ही एकत्र करून दाखवायचं होतं त्याला. बैठका खुल्या असतात, मी दोनतीनदा गेलेय, एका झाडाच्या फांदीवर पाऊण तास चर्चा ऐकलीय आणि मला ते बरं वाटलं.


दादर_टीटी | रविवार, रात्री ८:४५

लेख वाचून थेट लहानपणात गेलो. मी हिंदू कॉलनीतला. ताई, तुम्ही म्हणता तसं शहराला कंटाळून लोकांनी बाहेर मोकळी हवा शोधणं आणि कुणीतरी ती नीट आखून देणं, हे मुंबईतही घडलंय, फक्त कारण जास्त भीषण होतं. १८९६ ला प्लेग आला, माणसं पटापट गेली, मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंगा-वडाळा-सायनची स्कीम आखली गेली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, बुटक्या इमारती, दोन इमारतींमध्ये ठरावीक मोकळी जागा. पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स त्यातलेच. आमच्या गल्लीत रेनट्रीची कमान होती, उन्हाळ्यात दुपारी क्रिकेट खेळता यायचं इतकी सावली.

आता एकेक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. माझी बिल्डिंग जाऊन सहा वर्षं झाली. लोकांना लिफ्ट हवी, पार्किंग हवं, जिने चढवत नाहीत, हे मलाही कळतं, माझी आई तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती शेवटची दोन वर्षं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडांचा विषय निघाला तेव्हा पाच मिनिटंसुद्धा कुणी दिली नाहीत, आणि तुम्ही एका फांदीवर पाऊण तास म्हणताय, ते वाचून घशात आवंढा आला.

तिथे घर पाडायला परवानगी लागते का?


कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९:२०

@दादर_टीटी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आईंबद्दल वाचून वाईट वाटलं.

इथे प्रिझर्वेशन कमिशन आहे, लँडमार्क ठरलेल्या घरांना बाहेरून बदल करायचा तर त्यांच्याकडे जावं लागतं. पण सगळीच घरं त्यात नाहीत. मला वाटतं जास्त काम करते ती सवय. ओल्मस्टेड सोसायटी म्हणून स्थानिक लोकांची संस्था आहे, ते ठरावीक शनिवारी जमून बागांमधलं परकं तण उपटतात, नदीकाठची झुडपं साफ करतात. मी आणि धाकटी जातो. पंच्याऐंशीचे एक आजोबा येतात, खुर्चीवर बसून कात्रीनं काम करतात. झाडंही इथे आपोआप टिकलेली नाहीत. रोग आला आणि जुने एल्म गेले, मग गेल्या वीसेक वर्षांत किड्यानं अ‍ॅश खाल्ले, दर वेळी गावानं परत लावली. त्या आजोबांच्या लहानपणी एल्मची कमान रस्त्यावर अशी मिटलेली होती म्हणे, तुमच्या रेनट्रीसारखीच.


ओकपार्कचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ७:१५

लेख सुंदर आहे, पण एक गोष्ट बोलायलाच हवी नाहीतर चित्र अर्धवट राहील. "सगळ्यांची जागा" हे त्या काळी कुणासाठी होतं?

मी शेजारच्या ओक पार्कमध्ये नऊ वर्षं राहतोय. तेही असंच, जुनं, देखणं, पैसेवालं. लेखक हेमिंग्वेचा जन्म तिथला, १८९९ चा, राइटचं स्वतःचं घर तिथे, त्यानं बांधलेल्या युनिटी टेम्पलला २०१९ मध्ये युनेस्कोनं वारसा यादीत घेतलं. पण पर्सी ज्युलियन हे नाव किती लोकांना माहीत आहे? कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ, सोयाबीनपासून हार्मोन्स बनवायच्या पद्धती ज्यांनी शोधल्या, मोठा माणूस. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं तर राहायला येण्याआधीच ते जाळायचा प्रयत्न झाला, आणि पुढच्या वर्षी डायनामाइट टाकलं, मुलं घरात असताना. ते कुटुंब हललं नाही. १९६८ मध्ये ओक पार्कनं फेअर हाउसिंगचा स्थानिक कायदा केला, गोरे लोक घरं विकून पळू नयेत आणि काळ्या लोकांना घर मिळावं म्हणून मुद्दाम यंत्रणा उभी केली. म्हणजे गाव बदललं, पण आपोआप बदललं नाही, भांडून बदललं.

आपण लोक साठनंतर आलो, आपल्याला ही घरं मिळाली ती या भांडणांमुळे. म्हणून मला वाकड्या रस्त्यांच्या कौतुकात हेही हवं.


कृष्णाकाठची | सोमवार, रात्री १०:०२

@ओकपार्कचा_पाहुणा, बरोबर आहे तुमचं, आणि मी ते लिहायला हवं होतं. दिवसभर डोक्यात होतं म्हणून उशिरा उत्तर देतेय.

ओल्मस्टेडनं स्वतः गुलामगिरीविरुद्ध दक्षिणेत फिरून खूप लिहिलं होतं, सार्वजनिक बागेत सगळ्या थरांतली माणसं एकत्र यावीत हा त्याचा ध्यास होता, पण उपनगराचं गिऱ्हाईक कोण हे त्यालाही माहीत होतंच, शिकागोचे पैसेवाले व्यापारी. ज्यांना रेल्वेचा पास परवडतो त्यांचं गाव. नंतर सिसरो-बर्विनमधले चेक वंशाचे लोक हळूहळू इथे आले, माझ्या शेजारणीचे आजोबा त्यातलेच, पण ती दारं सगळ्यांना सारखी उघडली नाहीत हे खरं.

आणि त्याच्याही आधीचं. स्टेशनजवळच इंडियन गार्डन्स नावाची नदीकाठची जागा आहे. इथे पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांची वस्ती आणि शेती होती. १८३३ च्या शिकागोच्या तहानं त्यांची जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. म्हणजे कंपनीनं १८६८ मध्ये "मोकळी" जमीन घेतली तेव्हा ती मोकळी होऊन जेमतेम पस्तीस वर्षं झाली होती. मुलांना मी त्या बागेत नेते तेव्हा हे सांगते. मोठीनं एकदा विचारलं की मग आपण इथे का राहतो, मला नीट उत्तर देता आलं नाही.

तरीही एक म्हणेन. ज्युलियन कुटुंब हललं नाही म्हणून आज आपण तिथे आहोत, तसंच ती हिरवळ कुंपण न घालता ठेवली म्हणून आज तिथे कुणीही बसू शकतं. रविवारी नदीकाठच्या स्वॉन पाँडच्या हिरवळीवर मेक्सिकन कुटुंबं असतात, पोलिश आजी असतात, आमच्यासारखे डबा घेऊन गेलेले असतात. घर ज्याला परवडत नाही त्यालाही नदीकाठ बंद नाही. मला ते मोलाचं वाटतं.


नकाशे_आणि_वाटा | मंगळवार, सकाळी ६:५०

इंडियन गार्डन्सचा उल्लेख आला म्हणून लिहितो. रिव्हरसाइडच्या अगदी जवळ, लायन्स या गावाच्या हद्दीजवळ, शिकागो पोर्टेज म्हणून जागा आहे. १६७३ मध्ये जोलिए आणि मार्केट हे दोन फ्रेंच शोधप्रवासी तिथून गेले, मूळ रहिवाशांनी दाखवलेल्या वाटेनं. (म्हणजे आपल्याकडे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदलं वर्ष.) डेस प्लेन्स नदीतून होडी बाहेर काढायची, दलदलीतून खांद्यावर घेऊन थोडं चालायचं आणि शिकागो नदीत सोडायची. एवढंच. पण त्या थोड्याशा चालण्यात तुम्ही मिसिसिपीच्या खोऱ्यातून थेट मोठ्या तळ्यांच्या खोऱ्यात जाता. एका बाजूचं पाणी मेक्सिकोच्या आखाताला, दुसऱ्या बाजूचं सेंट लॉरेन्समधून अटलांटिकला. शिकागो शहर तिथे का झालं याचं उत्तर त्या चिखलात आहे. पुढे कालवा, मग रेल्वे, मग शहर, मग शहराला कंटाळलेल्यांचं रिव्हरसाइड.


कृष्णाकाठची | मंगळवार, सकाळी ८:१०

@नकाशे_आणि_वाटा, हे मी बाबांना वाचून दाखवलं फोनवर. ते लगेच म्हणाले, मग आपल्यासारखंच की! महाबळेश्वरात एका उतारावर पडलेला पाऊस सावित्रीतून अरबी समुद्राला आणि दुसऱ्या उतारावरचा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. फरक इतकाच की तिथे मध्ये डोंगर आहे आणि इथे सपाट दलदल.


सुमा_नेपरव्हिल | मंगळवार, दुपारी १२:४०

मी त्याच ट्रेनच्या लाइनवर पुढे नेपरव्हिलला. आमच्याकडे देऊळ जवळ, किराणा जवळ, शाळेत निम्मी मुलं आपली, मराठी शाळा रविवारी. घर घेताना आम्ही रिव्हरसाइडला आलेलो, प्रेमात पडलो होतो पण मी नको म्हटलं. शंभर वर्षांचं घर कोण सांभाळणार? आणि नदी! मैत्रिणीनं तिकडच्या भागात जुनं घर घेतलं, एका कंत्राटदारानं बेसमेंट वॉटरप्रूफ केलं म्हणून भरपूर पैसे घेतले, पहिल्याच वसंतात घोटाभर पाणी, आणि मग तो फोन उचलेना.

खरं खरं सांगा, पस्तावा होतो का कधी?


कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११:१५

सुमाताई, खरं सांगते.

खर्च आहे. प्रॉपर्टी टॅक्स इथे खूप जड आहे, कुक काउंटीत दर तीन वर्षांनी घराचं मूल्य नव्यानं ठरवतात आणि त्या वर्षी पोटात गोळा येतो. आमचं घर १९२० च्या दशकातलं, खिडक्या जुन्या, हिवाळ्यात वारा आत येतो, पाइप एकदा गोठून फुटला. मराठी बोलायला कोपऱ्यावर कुणी नाही. गणपतीला मंडळात जायला तासभर गाडी हाकावी लागते. मालगाड्या गावाच्या मधून जातात, फाटक बंद असलं की दहा मिनिटं उभं राहायचं. हे सगळं आहे.

आणि नदी. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिनं इथला तोवरचा विक्रम मोडला, ग्रोव्हलँड अ‍ॅव्हेन्यूकडच्या सखल भागात पाणी शिरलं, शेजारी अजून तारखेनिशी सांगतात. त्याच्या आदल्या वर्षीच जुनं हॉफमन धरण फोडून नदी मोकळी केली होती, त्यामुळे मासे आता वरपर्यंत जातात, बगळे खूप वाढलेत असं जुने लोक सांगतात, पण जोराचा पाऊस चार दिवस लागला की नदी तिची जागा मागतेच. स्वॉन पाँडची हिरवळ पूर्ण पाण्याखाली जाते, बाकं बुडतात, आणि हेच तर ओल्मस्टेडनं केलं होतं, काठाला घरं न ठेवता बाग ठेवली जिथे पाण्याला पसरता येईल. जिथे नंतर लोकांनी काठाजवळ घरं बांधली तिथेच त्रास आहे.

मी वाईची. आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णा ढोल्या गणपतीच्या देवळात यायची. त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्हीकडून जावं म्हणून. लहानपणी आम्ही घाटावर उभं राहून किती पायऱ्या बुडाल्या ते मोजायचो. इथे आले तेव्हा पहिल्या वसंतात नदी वाढली, मी पुलावर जाऊन उभी राहिले, आजूबाजूला दहा-बारा जण तसेच येऊन पाणी बघत होते, कुणी बोलत नव्हतं, आणि मला परदेशात आल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की हे माझं ओळखीचं काहीतरी आहे. नवऱ्याला घरी येऊन म्हटलं, इथेच घर बघू.

नाही होत पस्तावा.


मिनी_ऑस्टिन | बुधवार, सकाळी ९:००

शेवटचा परिच्छेद वाचून डोळे भरले.

ताई, फ्रँक निटी तुमच्याच गावचा ना? शिकागोचा गुंड अल कपोन, त्याच्यानंतर ज्याच्याकडे टोळीची सगळी सूत्रं गेली तो. कुठेतरी वाचलेलं.


कृष्णाकाठची | बुधवार, सकाळी ९:४०

हो, राहायचा इथे. १९४३ मध्ये शेजारच्या नॉर्थ रिव्हरसाइडमध्ये रेल्वे रुळांजवळ स्वतःला गोळी घातली. घर बघायला लोक येतात, मला त्यात रस नाही. मुलांना विचाराल तर गावातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टर्टल पार्कमधलं कासव आहे. आणि ब्रुकफील्डचं प्राणिसंग्रहालय शेजारी, १९३४ चं, पहाटे वारा तिकडून असला तर सिंह ऐकू येतो. आईला आधी पटेना, मग रोज पहाटे खिडकीत बसायची.


सह्याद्री_७२ | बुधवार, संध्याकाळी ५:२५

वाचनखूण साठवली. मे अखेर लेकीकडे शॉम्बर्गला येतोय सहा आठवडे. कट्टा करू या का तुमच्या गावात? मी चालायला तयार आहे, गुडघे ठीक आहेत.


ओकपार्कचा_पाहुणा | बुधवार, संध्याकाळी ६:१०

मी येईन. दुपारी ज्यांना वेळ असेल त्यांना ओक पार्कला नेतो, ज्युलियन यांचं घर रस्त्यावरून दाखवतो.


सुमा_नेपरव्हिल | बुधवार, रात्री ८:३०

मी पण. खाण्याचं माझ्याकडे, पोळ्या-भाजी-कोशिंबीर आणते, नदीकाठी बसू.


कृष्णाकाठची | बुधवार, रात्री ९:५५

फार छान! तर जूनचा पहिला शनिवार धरू. सकाळी दहाला पाण्याच्या टॉवरखाली. ट्रेननंच या, गाडी आणलीत तर या रस्त्यांवर फोनचा नकाशाही गोंधळतो. टॉवरजवळ छोटं म्युझियम आहे, ते उघडं असलं तर तिथून सुरुवात, मग लाँग कॉमन, तिथून कूनली हाउस बाहेरून, मग उतरून झुलत्या पुलावर आणि स्वॉन पाँडला जेवण. साधारण तीन मैल. संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्यांना गॅसचे दिवे लागलेले दिसतील, जूनमध्ये त्याला साडेआठ वाजतात.

@सह्याद्री_७२, बाबा तेव्हा इथेच असणार आहेत, विमानाचं तिकीट आजच काढलं. तुमच्या वडिलांच्या इरिगेशनचं ऐकून ते आत्तापासूनच विचारताहेत की कुठल्या डिव्हिजनला होते. चिखलात चालतील असे बूट आणा, काठ अजून ओला असेल.